दालेत की रेश? हिब्रूचा बिनसेरिफ टाइप कसा घडला

इस्रायलची बातमी लागली की मागे दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी दिसते. मराठी डोळ्याला तिथली अक्षरं एकाच सुताराने ठोकलेल्या खिडक्यांच्या चौकटींसारखी वाटतात. कुठे डावी बाजू उघडी, कुठे खालची, एवढाच काय तो फरक. अलिबाग, पनवेल किंवा मुंबईतल्या एखाद्या सिनेगॉगच्या भिंतीवरचं हिब्रू ज्यांनी पाहिलंय त्यांना मात्र प्रश्न पडतो. तिथलं अक्षर भरदार असतं, टोकाला काटेरी असतं, त्यात एक रेघ जाड आणि दुसरी बारीक असते. ही लिपी आणि ती लिपी एकच का?

एकच. तीच २२ अक्षरं, तीच उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ. मधल्या काळात अक्षरांची टोकं छाटली गेली आणि सगळ्या रेघा जवळपास सारख्या जाडीच्या झाल्या. रोमन लिपीत हा बदल झाला तेव्हा अक्षराचा साज उतरला, वाचणाऱ्याचं फारसं अडलं नाही. हिब्रूत मात्र टोकं छाटली की अक्षराची ओळखच पुसट होते. त्यामुळे हिब्रूच्या बिनसेरिफ टाइपाचा इतिहास म्हणजे ही ओळख गमावण्याचा आणि ती दुसऱ्या मार्गाने परत मिळवण्याचा इतिहास आहे.

आधी दोन शब्द

टाइप म्हणजे एकाच वळणाने काढलेला अक्षरांचा पूर्ण संच. पूर्वी तो शिशाच्या खिळ्यांत ओतलेला असे आणि जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. आता तो संगणकातली फाइल असतो. सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेला टोकाशी फुटलेला छोटा आडवा पाय किंवा काटा. इंग्रजी वर्तमानपत्राच्या मजकुरात तो दिसतो, मोबाइलच्या पडद्यावर बहुधा दिसत नाही. हे पाय नसलेल्या टाइपाला सॅन्स-सेरिफ म्हणतात. पुढे त्याला बिनसेरिफ म्हणू.

हिब्रूला सेरिफ असतात का?

काटेकोरपणे पाहिलं तर रोमनसारखे नसतात. हिब्रूचं चौकोनी वळण घडलं ते चपट्या टोकाच्या लेखणीतून. युरोपातल्या अश्केनाझी लेखकांनी पिसाची लेखणी वापरली, स्पेन आणि पूर्वेकडच्या सेफार्दी लेखकांनी बोरू वापरला. घर रंगवणाऱ्याचा पट्टीब्रश भिंतीवर ब्रशच्या रुंदीच्या दिशेने घासत नेला तर बारीक रेघ उमटते आणि रुंदीला काटकोनात ओढला तर जाड. हिब्रू लेखणीची धार अशी धरली जाते की आडवी रेघ जाड येते आणि उभी बारीक. रोमन अक्षरात नेमकं उलटं असतं. लेखणी टेकवताना आणि उचलताना जो तिरका ठसा उमटतो, तोच हिब्रूचा सेरिफ. डाव्या टोकाला वर चढणारी शेंडी किंवा उजव्या कोपऱ्यातून डोकावणारा कोन, अशा रूपांत तो दिसतो.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला लगेच पटेल. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं. तोराहची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी लिहिणारा मात्र चर्मपत्रावर आधी रेघा कोरून घेतो आणि अक्षरं त्या रेघेखाली टांगतो, आपण शिरोरेषेला टांगतो तशी. म्हणून हिब्रू अक्षराचा जोर वर, आडव्या रेघेत असतो. रोमनची सवय असलेला माणूस हिब्रू काढायला बसला की इथेच चुकतो. तो खालची बाजू जड करतो आणि अक्षर बसकं दिसायला लागतं.

शेंडी छाटली तर बिघडतं काय?

घ आणि ध आठवा. दोघांत फरक करणाऱ्या दोनच गोष्टी: घ ची शिरोरेषा सलग असते, ध ची तुटते आणि त्याच्या टोकाला गाठ येते. भ आणि म चंही तसंच. हलक्या छपाईत गाठ बुजली की शाळकरी मूल अडखळतं. हिब्रूत अशा जोड्या बऱ्याच आहेत आणि अक्षरं मात्र २२ च.

दालेत आणि रेश घ्या. दोन्हींत वर आडवी रेघ आणि उजव्या टोकापासून खाली उतरलेली उभी रेघ. दालेतमध्ये आडवी रेघ सज्जासारखी उभ्या रेघेच्या थोडी पुढे येते. रेशमध्ये ती पुढे येत नाही, कोपरा गोल वळतो. बेत आणि काफ दोघेही डावीकडे उघडे. बेतची खालची रेघ उजवीकडे बाहेर डोकावते, काफची पाठ गोल असते. ‘हे’ आणि ‘हेत’ या अक्षरांत फरक एका फटीचा: ‘हे’च्या डाव्या पायाच्या वर मोकळी जागा असते, हेतचा पाय छताला भिडतो. शब्दाच्या शेवटी येणारं मेम चौकोनी, सामेख गोल. पाच अक्षरांची शब्दान्ती येणारी रूपं वेगळी असल्याने एकूण २७ आकार होतात.

हे फरक किती मोलाचे आहेत ते ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत दिसतं. शेमा या प्रार्थनेच्या पहिल्या ओळीचा शेवट ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, या शब्दाने होतो: परमेश्वर एक आहे. त्यातलं शेवटचं अक्षर दालेत. त्याचा कोपरा बुजून रेश झालं तर शब्द ‘आहेर’ असा वाचला जातो, म्हणजे ‘दुसरा’. अर्थाचा हा अनर्थ टळावा म्हणून तोराहच्या गुंडाळीत हे दालेत मुद्दाम मोठं लिहितात, आणि निर्गम ग्रंथातल्या ‘आहेर’ शब्दाचा रेशही मोठा लिहितात. कोकणात तेल गाळणारे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून दूर राहिले, तरी शेमा त्यांच्या तोंडी टिकून होता असं त्यांची परंपरा सांगते. तोंडी शब्दात कोपरा बुजण्याची भीती नसते. ती फक्त लेखणीच्या आणि खिळ्याच्या अक्षरात असते.

आधीचा आजार: केसासारखी उभी रेघ

बिनसेरिफ टाइप आला तो एका बिघाडावर उपाय म्हणून. तारीख छापलेलं पहिलं हिब्रू पुस्तक १४७५ साली इटलीतल्या रेजिओ दि कालाब्रियामध्ये निघालं. तेव्हाचे खिळे हस्तलिखिताच्या वळणाचे होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात जाड-बारीकचा टोकाचा फरक असलेल्या रोमन टाइपाची फॅशन आली आणि हिब्रू टाइप ओतणारेही तिच्यामागे गेले. आडव्या रेघा पट्ट्यासारख्या आणि उभ्या रेघा केसासारख्या झाल्या. स्वस्त कागदावर, झिजलेल्या खिळ्यांनी छापलं की उभी रेघ उमटतच नसे. पानावर उरत त्या फक्त आडव्या पट्ट्या, आणि बेत-काफ-पे सगळे एकच वाटत. आजही जुन्या प्रार्थनापुस्तकांची पानं डोळ्यांना थकवतात ती यामुळे.

याच सुमारास आपल्याकडे वेगळी वाट धरली गेली होती. वल्हांडण सणाच्या सेदर या जेवणात वाचायची पोथी, म्हणजे हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाली आणि १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाली. शिळाछापात हाताने लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवतात, खिळे लागत नाहीत. त्यामुळे लेखणीचे कोपरे जसेच्या तसे कागदावर येतात.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या सिनेगॉगमधले हझान, म्हणजे प्रार्थना गाणारे, रफाएल फ्रँक यांनी १९०८ ते १९१० च्या सुमारास टाइप ओतणाऱ्या र्‍यूल कंपनीसाठी नवा टाइप आखला. उभ्या रेघा जाड केल्या, जाड-बारीकचा फरक कमी केला, सारख्या दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या केल्या. हाच फ्रँक-र्‍यूल. हिब्रू पुस्तकांचा मजकूर पुढची कित्येक दशकं मुख्यतः यातच छापला गेला. तो बिनसेरिफ नव्हे, पण उभी रेघ जाड करायला हरकत नाही हे त्याने दाखवून दिलं. तो नसता तर पुढची पायरी गाठायला बराच उशीर झाला असता, असं मला वाटतं.

वॉर्सा, १९२९

१९३१ च्या जनगणनेत पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये साडेतीन लाखांहून जास्त ज्यू होते, शहराच्या सुमारे ३० टक्के. त्यांची बोली यिद्दिश, आणि ती हिब्रू लिपीतच लिहिली जाते. यिद्दिश दैनिकं, नाटकांची पोस्टरं, निवडणुकीचे कागद, साबणाच्या जाहिराती अशी छपाईची रोजची भूक प्रचंड होती. पुस्तकाचं नाजूक अक्षर पोस्टरवर मोठं केलं की त्यात जोर राहत नसे. शेजारच्या पोलिश आणि जर्मन पोस्टरांवर तेव्हा नवे बिनसेरिफ रोमन टाइप दिसू लागले होते. जर्मनीत फुटुरा १९२७ साली आला, ब्रिटनमध्ये गिल सॅन्स १९२८ साली.

यान ले विट हा चेन्स्टोहोव्हात १९०७ साली जन्मलेला, स्वतःच शिकलेला चित्रकार. वयाच्या विशीत युरोप आणि मध्यपूर्व हिंडून तो वॉर्साला आला आणि १९२९ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने बिनसेरिफ हिब्रू टाइप आखला. इद्झकोव्स्की यांच्या कारखान्याने तो ओतला. हिब्रूतला पहिला बिनसेरिफ टाइप म्हणून हाच ओळखला जातो. नाव ‘हाईम’, म्हणजे ‘जीवन’. ते त्याचं स्वतःचंही हिब्रू नाव होतं. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे केहिमकर यांचंही नाव हाईमच.

हाईम टाइप ठसठशीत आहे. रेघा सारख्या जाडीच्या आणि सरळ कापलेल्या, बहुतेक अक्षरं चौकोनात बसणारी. शेंड्या गेल्या, तिरके ठसे गेले. मोठ्या आकारात एकेक शब्द विटांच्या भिंतीसारखा घट्ट उभा राहतो. तेल अवीवमध्ये तेव्हा सपाट गच्चीच्या, बिननक्षीच्या इमारती उठत होत्या. त्या शहराच्या मथळ्यांत, जाहिरातींत आणि पाट्यांवर हाईम सहज मिसळून गेला. तिथेच तीसच्या दशकात तुविया अहरोनी यांचा ‘अहरोनी’ हा आणखी जाड टाइप आला. पुढे तो विंडोजमध्ये, फक्त ठळक रूपात, जगभर पोचला.

ले विट १९३७ साली आपला भागीदार जॉर्ज हिम याच्यासोबत लंडनला गेला आणि पोस्टरांसाठी नावाजला. हाईम ज्या यिद्दिश छापखान्यांसाठी ओतला गेला होता ते नाझी ताब्यात नष्ट झाले. वाचकही मारले गेले. टाइप उरला तो तेल अवीवला पोचला होता म्हणून.

पहिला मान खरंच हाईमचा?

जाणकार इथे हरकत घेतील. फ्रँक यांच्याच नावावर असलेला ‘मिरियम’ हाईमच्या आधीचा आहे आणि त्याच्याही रेघा सारख्या जाडीच्या आहेत. मग तो पहिला का नाही?

कारण सारखी जाडी आणि बिनसेरिफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरियमने जाड-बारीकचा फरक काढला, पण अक्षराची चाल हस्तलिखिताचीच ठेवली. रेघ वळते, टोकाशी लेखणीची आठवण उरते. हाईमने लेखणी पूर्ण सोडली आणि पट्टी-गुण्याने अक्षर बांधलं. म्हणून पहिला बिनसेरिफ हाईमलाच म्हणतात. वाचायला मात्र मिरियम सोपा आहे, आणि त्याचं कारण पुढे येतं.

ही रोमनची नक्कल नव्हे का?

निम्मी आहे. कल्पना रोमन टाइपातून आली, यात शंका नाही. पण रोमन कृती हिब्रूवर जशीच्या तशी लावली की तीन ठिकाणी फसते.

पहिली अडचण डोळ्याची. एकाच जाडीची आडवी आणि उभी पट्टी शेजारी ठेवली तर आडवी जास्त जाड दिसते. म्हणून रोमन बिनसेरिफमध्ये आडवी रेघ किंचित बारीक काढतात. हिब्रूत ती बारीक केली तर अक्षराचा वरचा जोर जातो आणि ते परदेशी वाटतं. त्यामुळे चांगल्या हिब्रू बिनसेरिफमध्ये आडवी रेघ उभीपेक्षा थोडी जाडच ठेवतात, नुसत्या डोळ्याला कळणार नाही इतपत.

दुसरी अडचण उंचीची. हिब्रूत मोठी-छोटी अशी दोन रूपं नाहीत. ओळीतून वर डोकं काढतं ते एकटं लामेद. कोफ आणि शब्दान्तीची काफ, नून, पे, त्सादी हीच काय ती खाली उतरतात. बाकीची सगळी एका उंचीची. हिब्रू अक्षर रोमन मोठ्या अक्षराइतकं उंच केलं तर ओळ ओरडते, छोट्याइतकं केलं तर पुटपुटते. दोन्हींच्या मधली उंची सापडेपर्यंत दोन लिप्या एका पाटीवर नांदत नाहीत.

तिसरी अडचण काळेपणाची. रोमन ओळीत उभ्या काठ्या जास्त, हिब्रूत आडव्या फळ्या जास्त. रेघ एकाच जाडीची असली तरी हिब्रू परिच्छेद दुरून वेगळाच गडद दिसतो. आशेर ओरॉन यांनी १९६६ साली आखलेला ‘ओरॉन’ टाइप याच कामासाठी होता: युनिव्हर्स या रोमन बिनसेरिफशेजारी बसेल असा हिब्रू जोडीदार. दोन भाषांत छापणाऱ्या कार्यालयांना, विमानतळांना, कंपन्यांना तेव्हा त्याची नड होती.

मग पुस्तकं यात का छापत नाहीत?

छापतात, पण कमी. लांब मजकुरात वाचक अक्षर सुटं पाहत नाही, शब्दाची आकृती पाहतो. रोमनमध्ये वर-खाली जाणाऱ्या काठ्यांनी आकृती बनते. हिब्रूत त्या काठ्या मोजक्याच, म्हणून आकृती बनते ती कोपऱ्यांनी आणि शेंड्यांनी. हाईमने नेमक्या त्याच काढल्या. मथळ्यात चार शब्द असतात, तिथे हे खपतं. चाळीस पानांत खपत नाही. मिरियमने लेखणीचं वळण ठेवलं होतं, म्हणून लहान आकारातही तो कमी थकवतो.

दुसरं कारण निकुद. हिब्रूत स्वर लिहायचे असतील तर अक्षराखाली, वर किंवा पोटात ठिपके आणि छोट्या रेघा देतात. रोजच्या लिखाणात ते गाळतात. लहान मुलांची पुस्तकं, कविता आणि प्रार्थना यांत देतात. ठळक बिनसेरिफमध्ये बेतचं पोट इतकं अरुंद होतं की आतला ठिपका भिंतीला चिकटतो. खाली उतरणाऱ्या कोफच्या पायाला स्वराची खूण आडवी येते. लामेदची मान वरच्या ओळीच्या निकुदात शिरते. म्हणून निकुद असलेल्या मजकुराला ओळींमध्ये जास्त अंतर लागतं आणि टाइपाची जाडी कमी ठेवावी लागते.

दोन टोकांच्या मधली वाट शोधायला हेन्री फ्रीडलेंडर यांची जवळपास तीस वर्षं गेली. त्यांचा ‘हदासा’ १९५८ साली अॅमस्टरडॅमच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यात जाडीतला फरक थोडा आहे, शेंड्या नाहीशा न होता आखूड झाल्या आहेत आणि कोपरे शाबूत आहेत. माझ्या मते बिनसेरिफ हिब्रू आखणाऱ्याने शिकावं ते हदासाकडून, तो स्वतः बिनसेरिफ नसला तरी.

तोराहच्या गुंडाळीत मात्र यातलं काहीच चालत नाही. ती हातानेच लिहावी लागते. सात ठरावीक अक्षरांच्या डोक्यावर तीन-तीन बारीक मुकुट काढावे लागतात, आणि दालेतचा रेश झाला तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही.

पडद्यावर काय बदललं

जुन्या पडद्यांवर ठिपके मोजके होते, शेंडी दाखवायला जागाच नव्हती. म्हणून तिथे बिनसेरिफच जिंकला. आधी बऱ्याच ठिकाणी रोमन टाइपाला हिब्रू अक्षरं नुसती चिकटवलेली असत. २०१२ साली इस्रायली कलावंतांच्या एका गटाने ‘आलेफ’ हा बिनसेरिफ टाइप कोणालाही फुकट वापरता येईल असा खुला केला. ओदेद एझेर यांनी रोबोटो या रोमन बिनसेरिफला जोड म्हणून ‘हेबो’ची हिब्रू अक्षरं आखली. ‘रुबिक’ची हकीकत जास्त शिकवणारी आहे. त्याची रोमन अक्षरं गोलसर कोपऱ्यांची, आणि पहिल्या आवृत्तीतलं हिब्रूही त्याच साच्यातलं होतं. पुढे मेइर सदान यांनी हिब्रू भाग नव्याने आखला. कोपरे गोल करणं हीच टाइपाची शैली असेल, तर टोकदार दालेत आणि गोल रेश यांत फरक ठेवायचा कसा, हा तिथला खरा पेच. त्याचं एक उत्तर: फरक कोपऱ्याच्या गोलाईत ठेवायचा नाही, दालेतच्या सज्जाच्या लांबीत ठेवायचा. चांगले आधुनिक टाइप ही युक्ती सगळीकडे वापरतात. बेतची खालची रेघ नेहमीपेक्षा जास्त बाहेर काढतात, हे ची फट रुंद करतात, गिमेलचा पाय स्पष्ट दुभंगतात. सेरिफ गेला, पण त्याचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवलं जातं.

हिब्रू टाइप निवडायची वेळ आली तर

सिनेगॉगची पाटी, लग्नाची मराठी-हिब्रू पत्रिका, कबरीवरचा दगड अशी कामं आजही मुंबई, पुणे, रायगडमध्ये निघतात, आणि ती करणाऱ्याला हिब्रू येत असेलच असं नाही. अशा वेळी हा क्रम ठेवावा.

मजकूर फाइल म्हणून मागवावा, चित्र पाहून टाइप करू नये. शब्दान्तीची पाच रूपं हिब्रूत आपोआप बदलत नाहीत. त्यांच्या कळा वेगळ्या असतात, आणि टाइप करणाऱ्याला माहीत नसेल तर चुकीचं रूप तसंच दगडावर जातं.

फाइल उघडल्यावर पहिलं अक्षर उजव्या टोकाला आहे का ते पाहावं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ उलटी होते आणि हिब्रू न येणाऱ्याला ते कळतही नाही. ओळीत आकडे असतील तर ते डावीकडून उजवीकडेच राहिले पाहिजेत. आणि अंतिम प्रूफ हिब्रू वाचणाऱ्या माणसाने एकदा मोठ्याने वाचावा.

मग टाइपाची कसोटी. दालेत-रेश, बेत-काफ, हे-हेत, सामेख-शेवटचं मेम, वाव-झायिन, गिमेल-नून या जोड्या ८ पॉइंटमध्ये छापाव्या आणि हात लांब करून पाहाव्या. एकही जोडी मिसळली तर तो टाइप मजकुराला घेऊ नये, मथळ्याला घ्यावा. निकुद असेल तर बेतच्या पोटातला ठिपका सुटा दिसतो का तेही याच वेळी तपासावं.

दगडावर कोरायचं असेल तर छिन्नी कोपरे थोडे खाते आणि रंग भरताना फटी बुजतात. म्हणून हे ची फट छापील नमुन्यापेक्षा थोडी रुंद ठेवायला सांगावं, आणि दालेतचा सज्जा पेन्सिलीने दगडावर आखून झाल्यावर, छिन्नी लागण्याआधी, पुन्हा एकदा पाहावा.